अर्धं वर्ष

आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालायला नेलं, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, गुरुजींनी पोराकडे एकवार पाहिलं आणि तारीख लिहून टाकली. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मोठा पूर आला त्याच्या आदल्या पावसाळ्यातला हा. तिच्या सांगण्यात तारीख नव्हती, पण खूण पक्की होती.

ग्रीनलंडच्या बर्फाचं वय कसं काढतात ते वाचताना मला ही आई आणि ते गुरुजी, दोघंही आठवत राहिले.

तिथल्या उंच पठारावर पडलेलं हिम वितळून जात नाही, साचत जातं. वर्षावर वर्ष बसतं आणि दाबून बर्फ होतं. उन्हाळ्यातल्या हिमात जड ऑक्सिजन किंचित जास्त, हिवाळ्यातल्यात कमी. वसंतात आशियातल्या वाळवंटांची धूळ पार तिथवर येऊन बसते, थंडीच्या वादळांबरोबर समुद्राचं मीठ येतं. खोल भोक पाडायचं, बर्फाची लांब कांडी तुकड्यातुकड्यानं वर काढायची आणि हे चढउतार मोजत खाली खाली जायचं. एक चढ नि एक उतार झाला की एक वर्ष. शिवाय त्याच ऑक्सिजनवरून त्या काळी गारठा किती होता याचाही अंदाज येतो. ही कल्पना विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाची. १९५२ च्या जून महिन्यात त्यांनी कोपनहेगनमध्ये घराच्या बागेत बिअरच्या बाटलीवर नरसाळं ठेवून पाऊस गोळा केला होता, तिथून ती सुरू झाली. एवढ्या मोठ्या विज्ञानाची सुरुवात रिकाम्या बाटलीतून व्हावी, याची मला फार मौज वाटते.

वरच्या थरांत मोजणी सोपी असते. खाली मात्र भारानं थर चेपतात, पसरतात, पातळ होतात. धुळीचा एखादा जाडसर पट्टा येतो आणि त्याच्या शेजारी एक अगदी अंधूक उंचवटा दिसतो. हे एक वर्ष की दोन? गुरुजी असते तर त्यांनी काहीतरी लिहून टाकलं असतं. बर्फाचे थर मोजणाऱ्या कोपनहेगनच्या गटानं वेगळा नियम केला. शंका असलेला थर अर्धं वर्ष म्हणून धरायचा, अधिक-उणे अर्धं. निसर्गात असं वर्ष नसतं. थर एक तर वर्षाचा असतो, नाही तर नसतो. पण मोजणाऱ्याला पडलेली शंका खरी असते, आणि ती या हिशेबात रुपयाला आठ आणे अशी जमा होत जाते. म्हणून शेवटचं हिमयुग संपून आजचा उबदार काळ सुरू झाल्याची रेघ त्यांनी सन २००० च्या सुमारे ११,७०० वर्षं मागे ओढली, तेव्हा सोबत जास्तीत जास्त ९९ वर्षांची चूक मान्य केली. ६०,००० वर्षांपर्यंत मोजत गेले तेव्हा हीच चूक २,६०० वर्षांच्या घरात पोचली होती. तीही त्यांनी लिहून ठेवली.

आणि आईच्या पुरासारख्या खुणाही आहेतच. ज्वालामुखी फुटला की त्याचं आम्ल बर्फात उतरतं. १८१५ चा तांबोरा, १७८३ चा आइसलंडमधला लाकी. साल इतिहासात नोंदलेलं असतं, थर बर्फात सापडतो, मोजणीला खुंटी मिळते. पहिल्या शतकासाठी अशी एक खुंटी होती इटलीतल्या व्हेसुव्हियसची, इसवी सन ७९ ची. मोजत मोजत गेल्यावर साधारण त्याच जागी ज्वालामुखीच्या काचेचे बारीक कण सापडले होते.

पण एक गोष्ट जुळेना. सन ५३६ मध्ये सूर्य मंदावला होता, हे त्या काळच्या प्रोकोपियस या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. झाडांच्या खोडातली त्या वर्षाची वलयंही थंडीनं आखडलेली आहेत. बर्फ मात्र मोठा उद्रेक ५२९ च्या सुमारास दाखवत होता. सात वर्षं आधी फुटलेल्या ज्वालामुखीनं ५३६ चं ऊन कसं झाकावं? दुसरं कारण शोधता शोधता तर्क धूमकेतूपर्यंत गेले. अखेर २००८ साली बेलफास्टचे वृक्षवलयांचे अभ्यासक माइक बेली यांनी सुचवलं की सातव्या शतकापूर्वीच्या बर्फाच्या तारखाच सात वर्षांनी सरकवा. झाडं मोजणाऱ्यानं बर्फ मोजणाऱ्यांना तुमचं चुकलंय म्हणणं किती रुचलं असेल, याची कल्पना करता येते.

निवाडा जपानी देवदारांनी केला. संशोधक फुसा मियाके यांना २०१२ मध्ये या झाडांच्या वलयांत ७७४-७५ सालचा किरणोत्सर्गी कार्बनचा एक अचानक उसळलेला आकडा मिळाला. अवकाशातून आलेल्या किरणांचा तो मारा साऱ्या पृथ्वीवर झालेला, तेव्हा बर्फातही त्याची खूण हवी. ती बेरिलियमच्या रूपात सापडली, पण जुन्या मोजणीप्रमाणे ७६८ च्या थरात. २०१५ मध्ये तारखा दुरुस्त झाल्या, उद्रेक ५३६ शी येऊन भिडला. पुढे ते काचेचे कण पुन्हा तपासले गेले, तर ते व्हेसुव्हियसचे ठरले नाहीत.

तारखा सरकलेल्या त्या पट्ट्यात मोजणाऱ्यांनी कबूल केलेली चूक सात वर्षांहून पुष्कळ कमी होती. तिथल्या थरांत त्यांना फारशी शंका आलीच नव्हती. त्यांनी ते पूर्ण वर्षं म्हणून मोजले होते.