कोणत्या वयाला परत जायचे?



समजा, परमेश्वराने आज आपल्याला विचारले, "तुझे शरीर मी पुन्हा तरुण करतो. किती वर्षांचे करू ते तू सांग." तर आपण कोणता आकडा सांगू?

घरोघरी भेटीला जाताना आम्ही हा प्रश्न काही जणांना विचारून पाहिला. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला तो कळलाच नाही. चाळिशीतल्या एका शिक्षकांनी लगेच "पंचवीस" म्हटले. सत्तरीच्या एका आजींनी मात्र हिशेब करून उत्तर दिले, "नाई बाप्पा, विशी नको. तवा लय काम होतं. पन्नास बरं. तवा गुडघे दुखत नव्हते अन् सासूबी नव्हती."

आपण हसलो, तरी आजींनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. वय म्हणजे नुसते शरीर नव्हे. प्रत्येक वयाबरोबर त्या वयाची माणसे, कामे आणि ओझी येतात. आपल्यापैकी पुष्कळ ज्येष्ठांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख आहे, कारण ती गुरुजींनी अंदाजाने लिहिली. त्यांचे खरे वय विचारले तर ते म्हणतात, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होतो." त्यांनी आपले वय आकड्यांत नव्हे, तर सोसलेल्या आणि निभावलेल्या गोष्टींत मोजले आहे.

पुन्हा तरुण होण्याची इच्छा नवी नाही. हिवाळ्यात आपल्या घरी येणाऱ्या च्यवनप्राशाच्या डब्यावर ज्या ऋषींचे नाव आहे, त्या च्यवनांना अश्विनीकुमारांनी तरुण केले, अशी कथा आहे. १९३८ साली पंडित मदन मोहन मालवीय यांनी उतारवयात कायाकल्पाचा उपचार करून घेतला होता. आणि कलप तर आपल्या मेनरोडवरच्या कोणत्याही दुकानात मिळतो!

या इच्छेत मुळात पाप नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन करणे, गुडघ्यावर इलाज करणे यात देवाच्या योजनेविरुद्ध काही नाही. प्रभू येशूनेही पांगळ्यांना चालायला लावले. ज्या विधवा आजीला स्वतःचे पाणी स्वतः भरता यावे असे वाटते, तिला "म्हातारपणाचा स्वीकार करा" असा उपदेश करणे सोपे असले तरी ते प्रेमाचे नाही. तिला तारुण्य नको आहे, तिला दुसऱ्यावर भार व्हायचे नाही. बरे होणे आणि मागे जाणे यांत फरक आहे. आपला प्रश्न मागे जाण्याचा आहे.

वय निवडताना आपण नकळत एक अट घालतो. शरीर पंचविशीचे हवे, पण मन आजचे हवे. पंचविशीतला उतावळेपणा, धास्ती, अर्धवट समज कोणालाच परत नको असते. पण मन आणि शरीर अशी वेगवेगळी विकत मिळतात का? संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे शिकवले की आत्मा शरीरात गाडीतल्या ड्रायव्हरसारखा बसलेला नसतो. आत्मा आणि शरीर मिळून एकच माणूस होतो. जुना शेतकरी माती मुठीत दाबून वापसा आला की नाही हे सांगतो. ते ज्ञान त्याच्या डोक्यात आहे की हातात? दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे ते पन्नास हंगामांनी आणले आहे. त्याच हंगामांनी त्याची पाठही वाकवली. शहाणपण ठेवा आणि वाकलेली पाठ परत घ्या, असे आपण म्हणतो तेव्हा किंमत न देता माल मागत असतो.

गंमत अशी की विज्ञानापुढेही हाच प्रश्न आला आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदरांच्या आणि २००७ साली माणसांच्या प्रौढ पेशींवर प्रयोग केले. फक्त चार जनुके कार्यान्वित करून त्यांनी त्वचेतील पेशी जवळजवळ गर्भावस्थेतील पेशींसारख्या केल्या. २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण अशी पेशी पूर्ण मागे गेली की आपण त्वचेची होतो हे ती विसरते. जिवंत उंदरात असे घडले तेव्हा गाठी झाल्या. म्हणून २०१६ साली अमेरिकेतील साल्क संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अकाली म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांवर तोच उपाय थोडा थोडा, मध्ये खंड ठेवून केला, आणि ते उंदीर अधिक जगले. माणसाला तरुण करणारे औषध यातून अजून निघालेले नाही. पण एवढे दिसले की मागे किती जायचे आणि कुठे थांबायचे, हे पेशीलाही विचारावे लागते. पार मागे जाणारा स्वतःलाच हरवून बसतो.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. माझे तारुण्य कोणाच्या खिशातून येणार? महाभारतातला राजा ययाति शापाने अकाली म्हातारा झाला. त्याने पाच मुलांकडे तारुण्य मागितले. चौघांनी नकार दिला, धाकट्या पुरूने दिले. खूप वर्षे भोग घेतल्यावर ययातीला कळले की इच्छा भोगाने भागत नाही, आणि त्याने मुलाचे तारुण्य परत केले. वि. स. खांडेकरांनी याच राजावर 'ययाति' ही कादंबरी १९५९ साली लिहिली. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले ते पहिले मराठी लेखक. आपल्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. आणि २०२३ साली अमेरिकेतल्या एका धनाढ्य उद्योजकाने तरुण राहण्यासाठी आपल्या १७ वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला. त्याच वेळी स्वतःचा प्लाझ्मा त्याने आपल्या वृद्ध वडिलांनाही दिला. पुढे त्यानेच जाहीर केले की स्वतःला काही फायदा दिसला नाही.

ते राजे आणि धनाढ्य आहेत, आपला काय संबंध, असे म्हणू नका. बापाचे व्यसन फेडण्यासाठी मुलगा शाळा सोडून कामाला जातो, तेव्हा त्या घरात ययाति बसलेला असतो. दोघे भाऊ आपापल्या कामात मोकळे राहतात आणि आजारी आईसाठी एकट्या बहिणीचे लग्न लांबत जाते, तेव्हा तिथे पुरूचे काम कोणीतरी करत असते, आणि त्या पुरूला कोणी विचारलेलेही नसते. तारुण्य टोचण्याच्या सुईशिवायही घेता येते.

याच्या उलट माणूस आपल्या पवित्र शास्त्रात आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात ८० वर्षांच्या बर्जिल्लयाची गोष्ट आहे. संकटात मदत केली म्हणून दावीद राजा त्याला यरुशलेमात राजवाड्यावर राहायला बोलावतो. म्हातारा नम्रपणे नकार देतो. मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणेही ऐकू येत नाही, मी माझ्या गावी आईवडिलांच्या कबरेजवळ मरेन, असे सांगतो. मग तो तरुण किम्हामाला पुढे करतो आणि त्याला न्यायची विनंती करतो. ययातीने तरुणाकडून घेतले, बर्जिल्लयाने तरुणाला दिले. बर्जिल्लयाला वय लपवावे लागले नाही, कारण त्याला कोणाशी स्पर्धा करायची नव्हती.

मग ख्रिस्तसभा काय सांगते? पुनरुत्थानाच्या दिवशी आपण कोणत्या वयाचे असू, हा प्रश्न संत अगुस्तीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात गंभीरपणे घेतला आहे. तो ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा ते स्वतः सत्तरी ओलांडलेले होते. त्यांचे उत्तर होते, सुमारे तिशी, प्रभू येशू ज्या भरात होता ते वय. पण पुढे ते असेही म्हणतात की कोणी बालकाच्या किंवा वृद्धाच्या रूपात उठला, तरी बिघडत नाही, कारण तिथे दुबळेपणा उरणार नाही. आणि हुतात्म्यांच्या शरीरावरचे व्रण कदाचित राहतील, असे त्यांना वाटते. ते व्रण कुरूप नसतील, तो त्यांचा मान असेल.

हे त्यांना कुठून सुचले, ते थोमाची गोष्ट आठवली की कळते. उठलेल्या प्रभूचे शरीर नवे होते, मरण त्याला शिवू शकत नव्हते, तरी हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. देवाने ते शरीर शुक्रवारच्या आधीच्या दिवसांकडे परत नेले नाही. जे घडले ते पुसले नाही, त्यातूनच पुढे नेले. म्हणून आम्हाला विचाराल तर उत्तर असे आहे: परत जाण्यासारखे कोणतेच वय नाही, कारण देव आपल्याला मागे नाही, पुढे बोलावतो. आणि तिथे प्रेमाने पडलेली एकही सुरकुती वाया जाणार नाही.

हे यवतमाळ जिल्ह्यात बोलताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला जिल्हा होता. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्यापैकी कित्येकांना पिकलेले केस मिळालेच नाहीत. त्यांच्या पत्नींना विचारा कोणते वय हवे. त्या आपल्यासाठी मागणार नाहीत, त्या म्हणतील, त्याला म्हातारे होऊ द्यायला हवे होते. ज्या देणगीसाठी शेजारचे घर रडते, ती आपण कलपाखाली का लपवावी?

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करू या. घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठाजवळ अर्धा तास बसू या आणि विचारू या, "तुमच्या आयुष्यातले कोणते वर्ष काही झाले तरी तुम्ही परत देणार नाही?" आणि चाळिशी-पन्नाशीच्या आपण सर्वांनी स्वतःला विचारू या, आपल्या घरात कोणाचे तारुण्य आपल्यासाठी खर्च होत आहे, आणि ते त्याला परत कसे देता येईल. ययातीलाही ते परत देता आले होते.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू