न वाजवलेला गंधार

इटालियन संगीतकार आर्कांजेलो कोरेलीच्या त्रयी-सोनाटांमधली मला सर्वांत प्रिय जागा दोन-तीन सेकंदांत होऊन जाते. दोन व्हायोलिनं बरोबरीने चाललेली असतात. एक आपला सूर धरून थांबतं. दुसरं वर येतं आणि नेमकं शेजारच्या सुरावर उभं राहतं. षड्ज आणि रिषभ एकाच वेळी लागावेत तसे दोन्ही सूर घासतात, कान आखडतो. मग थांबलेलं व्हायोलिन हलकेच एक सूर खाली उतरतं आणि सगळं मोकळं होतं. १६८९ साली रोममध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या सोनाटांच्या संथ भागांत अशा जागा एकामागून एक येतात. ताण सुटला म्हणेपर्यंत पुढचा तयार असतो, खाली चेलो आणि ऑर्गन आपल्या चालीने चाललेले असतात.

हे चार वादकांनी जवळजवळ बसून वाजवायचं संगीत. ते ऐकायला वेगळी तालीम लागते असं म्हणतात. मला वाटतं, सांगली-मिरजेच्या माणसाला ती अर्धी आधीच मिळालेली असते, कारण सूर सुराला भिडतो तेव्हा काय होतं हे त्याला तंबोऱ्याने शिकवलेलं असतं.

मिरजेच्या सतारमेकर मंडळींच्या दुकानात बसून तंबोऱ्याची जवारी लागताना पाहावं. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो. घोडीची पाठ इतकी अलगद उतरती हवी की कंप पावणारी तार तिला पुसटसा स्पर्श करत राहील. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये तो सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर पुढे गेला की आवाज मुका, केसभर मागे आला की नुसता झणझणाट. या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे. तिथे धागा आला की तार एकदम बोलू लागते आणि कारागीर मान वर न करता हात काढून घेतो. मग खर्जाची तार छेडून गप्प बसायचं. थोड्या वेळाने तिच्यातून गंधार वर येतो. तंबोऱ्याला गंधाराची तार नाही, तो कुणी वाजवलेलाही नाही. खर्जाच्या तारेत मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा जो अंश असतो, तोच जवारी उजळून दाखवते.

ज्युझेप्पे तार्तिनी या इटालियन व्हायोलिनवादकाला १७१४ साली व्हायोलिनवर असंच काही सापडलं. दोन सूर एकत्र, जोरकस वाजवले की खाली तिसराच सूर ऐकू येई. १७५४ साली त्याने त्यावर ग्रंथात लिहिलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं शिकवणं: तिसरा सूर ऐकू आला नाही तर तुमचे दोन सूर नीट लागलेले नाहीत, असं तो शिष्यांना सांगे. मिरजेतही तंबोरा जुळला का, याचं उत्तर गंधारच देतो.

हा गंधार हार्मोनिअमच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल या बारीकशा फरकामागे वर्षानुवर्षं लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर तपासून त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यांची व क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याची श्रुती-हार्मोनिअम विद्वानांसमोर आली. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांना ती पटली नाही. बावीस श्रुतींचं गणित कुणाचं बरोबर, हा वाद मी तज्ज्ञांवर सोडतो. पण एवढ्याशा अंतरासाठी माणसं इतकी झगडली, याचा मला मनापासून आदर वाटतो. खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या की त्यांचा आग्रह कळतो. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, तरी सुरावर थांबताना त्यांना घाई नसते.

कोरेलीचं वाद्य आपल्याकडे आलं ते गजाननबुवा जोशींसारख्यांच्या हाती. औंध संस्थानच्या दरबाराचे हे गवई व्हायोलिनही तितक्याच अधिकाराने वाजवत. रोममध्ये दोन व्हायोलिनांनी मिळून जो ताण निर्माण केला, तो आपल्याकडे एकट्या व्हायोलिनने तंबोऱ्याशी निर्माण केला. मारव्याचा कोमल रिषभ लांबवला की मागचा षड्ज त्याला टोचत राहतो, आणि वादक षड्जावर यायला जितका वेळ लावील तितकी ती बोच वाढते. थांबलेलं व्हायोलिन खाली उतरण्याआधी जे होतं, तेच हे.

गजाननबुवांनी १९४० साली सुरू केलेला औंधचा उत्सव आणि मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारा संगीतोत्सव, दोन्ही आजही भरतात. हल्ली मैफलींत ध्वनिवर्धक एवढे मोठे ठेवतात की तंबोरा दिसतो, ऐकू येत नाही. मोबाइलवरचा तंबोरा रियाजाला सोयीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण समोर मिरजेच्या कारागिराच्या हातची जोडी असताना ध्वनियोजना सांभाळणाऱ्याने तिची पातळी थोडी वाढवावी, आणि गायक तंबोरे जुळवत असताना आपण श्रोत्यांनी बोलणं थांबवावं. गंधार तेव्हाच यायला लागलेला असतो.