ताटीबाहेरची मुक्ताई

आजचा श्लोक गीता ६.३२. सगळ्यांचं सुखदुःख जो स्वतःवरून ओळखतो, तो योगी श्रेष्ठ, असं भगवंत सांगतात.

मग ही ओळख हुशारीने येते का?

‘यंग शेल्डन’ (२०१७ ते २०२४) तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नऊ वर्षांचा शेल्डन थेट हायस्कूलमध्ये जातो, फिजिक्स कोळून प्यायलेला. पण समोरचा का दुखावला, ते जुळ्या बहिणीला, मिसीला, आधी कळतं. मोठेपणी ‘द बिग बँग थिअरी’त कोणी दुःखी दिसलं की तो गरम पेय आणून देतो, कारण तसा नियम आहे! आपण हसतो. पण हे ढोंग आहे का?

मला नाही वाटत. पुढच्याच दोन श्लोकांत अर्जुन तक्रार करतो की मन चंचल आहे, हे जमणार नाही. ६.३५ मध्ये उत्तर येतं: अभ्यास आणि वैराग्य. म्हणजे समदृष्टी जमायला सराव लागतो. चहाचा कप घेऊन गेलं की शेजारी बसावं लागतं. बसलं की समोरचा दिसायला लागतो.

आणि हा सराव करून घेतं घर. परंपरा सांगते, लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानदेव ताटी लावून आत बसले. एवढा ज्ञानी, तरी दार बंदच. बाहेर उभी राहिली धाकटी मुक्ताई. ‘ताटीचे अभंग’ म्हणजे तिची विनवणी. तिने दादाची विद्वत्ता मोजली नाही, त्याला माणसांत परत बोलावलं.

आमच्या उंबरमाळीकडे, शहापूर तालुक्यात, भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात गावपाड्यांत टँकर येतो. घरातला हुशार मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा हंडा बहुतेक बहिणीच्या डोक्यावर असतो. त्याच्या मार्कांत तिच्या खेपा आहेत. त्या त्याला दिसल्या नाहीत, तर रोज गीता वाचून काय वाचलं?

हुशारी देवाची देणगी, पण तिचा खर्च घर उचलतं. हे ओळखणं हीच समदृष्टीची पहिली पायरी.

आजचा संकल्प छोटाच: घरी फोन लावा. स्वतःचं काही सांगू नका. आधी विचारा, “तुझा दिवस कसा गेला?” आणि उत्तर पूर्ण ऐका.

जय हरी!