पायाभूत देह
सौंसरला घरी बसून मेकह्यूमन या संगणकावर त्रिमितीय माणसं घडवणाऱ्या प्रणालीच्या ‘एमएचएम’ फाइलचं मराठी टिपण लिहितोय. फाइल उघडली तर आत माणूस नाहीच! साध्या मजकुराच्या ओळी: गुणाचं नाव, पुढे आकडा. वय ०.५ म्हणजे २५ वर्षं, १ म्हणजे ९०. पायाभूत देह सगळ्यांचा एकच, आणि तो या फाइलीबाहेर. ‘टार्गेट’ फाइली फक्त त्या देहाचा कुठला बिंदू किती सरकला ते सांगतात.

पांढुर्ण्याचे आमचे वेदान्ती स्नेही खूश: ब्रह्म एक, बाकी उपाधी. मला पटत नाही. तो देहही कुणीतरी घडवलाय, निर्गुण कसला? जामसावळीचा निजलेला हनुमान बघा. उभ्या मारुतीपासून त्याचा फरक मोजायला गेलात तर भाविक हसेल. त्याच्यासाठी मूळ तोच.

टिपणात मेकह्यूमनच्या आवृत्तीची ओळ मात्र ठळक केलीय. पायाभूत देह बदलला, की तेच आकडे दुसराच माणूस उभा करतात.