वेशीपर्यंत

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांना तिथे उतरल्यावर साधारणपणे सहा महिन्यांची मुदत मिळते. सुरुवातीचे काही महिने परतीची तारीख कुणाच्या ध्यानीमनी नसते. शेवटच्या आठवड्यात मात्र सगळे घर तिच्याभोवती फिरू लागते. दिवाणखान्यात बॅगा उघडून पडतात आणि २३ किलोंचा हिशेब जमेपर्यंत वजनकाट्यावर चढत-उतरत राहतात. आई पुरणपोळ्या करून फ्रीजरमध्ये रचते, डब्यांवर नावे लिहिते. वडील राहून गेलेली बारीकसारीक दुरुस्ती काढून बसतात. या लगबगीखाली एक जुना प्रश्न असतो. जन्मभर कीर्तन-प्रवचनांतून अनासक्तीचा उपदेश ऐकलेल्या माणसाचा जीव असा गुंतावा, हा मोहच म्हणायचा का? आणि मोह नसेल, तर मग अनासक्ती म्हणजे नेमके काय? निरोपाचे दुःख हा मोह नव्हे, असे मला वाटते. मोह असतो तो मालकीत. आणि मालकी सोडून माया कशी करावी, याचे उत्तर आपल्या परंपरेने संन्याशापेक्षा अतिथीच्या कल्पनेत अधिक नेमकेपणाने सांगून ठेवले आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की आई, वडील, आचार्य आणि अतिथी यांना देव मान. म्हणजे हा उपदेशही निरोपाच्या वेळचाच आहे. या यादीत आईवडील आणि अतिथी वेगवेगळे येतात, कारण ते एकाच व्यक्तीत भेटतील असे मानण्याचे तेव्हा कारण नव्हते. घर आईवडिलांचे, अतिथी बाहेरून येणारा. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या घरात ही मांडणी उलटते. तिथे आईवडीलच अतिथी असतात, तेही जाण्याची तारीख ठरवून आलेले. कितीतरी ज्येष्ठांना हे बोचते. 'पोराच्या घरी आम्ही पाहुणे' या वाक्यात जी कळ असते, ती मानाच्या जागेवरून उतरवल्याची असते. पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथीची व्याख्या करताना त्याचे राहणे नित्य नसते म्हणून तो अतिथी, असे सांगितले आहे. या कसोटीवर पाहिले तर आईवडील परदेशात गेल्यावर पाहुणे होत नाहीत. ते मुलांच्या आयुष्यात आधीपासून पाहुणेच असतात आणि मुले त्यांच्या. विमानाचे तिकीट हे सत्य निर्माण करत नाही, फक्त त्यावर तारीख घालते.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना मुले, जोडीदार आणि घर यांच्याविषयी अनभिष्वंग असावा, असे म्हटले आहे. शंकराचार्यांनी अभिष्वंगाचा अर्थ फोडून सांगितला: दुसऱ्याला आपल्याहून वेगळे न मानणे, तो सुखी तर मीच सुखी, तो दुःखी तर मीच दुःखी असे होणे. याच लक्षणावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी वाटसरू आणि त्याचे बिऱ्हाड यांचा दृष्टान्त दिला, वाटेत लाभलेल्या झाडाच्या सावलीचाही दिला. सावलीत बसलेला माणूस झाडाचा तिरस्कार करत नाही. तो तिथे निवांत टेकतो. फक्त झाड आपल्या नावावर करून मागत नाही. शेवटच्या आठवड्यात हा फरक उघड दिसतो. फ्रीजरमध्ये पोळ्या रचणे ही माया. 'तू इथे कशाला राहिलास, तिकडे काय कमी होते' हा विषय जाता जाता पुन्हा काढणे हा अभिष्वंग, कारण तिथे मुलाचे आयुष्य आपल्याच आयुष्याचा चुकलेला भाग वाटत असते. मुलांकडूनही असेच घडते. आईवडिलांनी कुठे राहावे, काय खावे, कुणाला सोबतीला ठेवावे याचे तक्ते ते निघायच्या आदल्या रात्री त्यांच्यापुढे मांडले जातात. काळजी खरी असते, पण दोन म्हाताऱ्या माणसांचे स्वतंत्र घर, शेजार आणि मर्जी आहे, याचा तिला विसर पडलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की, शंकराचार्यांचा अर्थ जसाच्या तसा घेतला तर पोराच्या दुःखाने दुःखी होणेही वर्ज्य ठरते. ते संन्याशाला शोभेल, आजीला कसे शोभावे? आक्षेप वजनदार आहे. पण गीता एका लक्षणावर थांबत नाही. बाराव्या अध्यायात भक्ताचे वर्णन करताना मैत्री, करुणा आणि निर्ममत्व ही तिन्ही एकाच श्लोकात शेजारी बसवली आहेत. करुणा ठेवायची आणि 'माझे' म्हणणे सोडायचे, हे गीतेला परस्परविरोधी वाटत नाही. कालिदासालाही वाटले नव्हते. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या चौथ्या अंकातला कण्व अरण्यवासी तपस्वी आहे, तरी पोटच्या नसलेल्या मुलीला सासरी पाठवताना त्याचा कंठ दाटतो, आणि आपली ही गत तर संसारी माणसांचे काय होत असेल, असे तो म्हणतो. शकुंतला गेल्यावर मात्र परक्याची ठेव परत केल्यासारखे त्याचे मन निवते. मुलगी परक्याचे धन, ही त्याची समजूत आज आपण नाकारू आणि नाकारायलाच हवी. पण ठेव ही कल्पना मुलगा, मुलगी, आई, बाप सगळ्यांना सारखी लागू केली तर तिच्यातला अन्याय जातो आणि शहाणपण उरते. कण्वाच्या रडण्याने त्याचे वैराग्य खोटे ठरत नाही. तिला आश्रमात अडकवून ठेवले असते, तर ठरले असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ही सगळी मांडणी म्हणजे सोयीचे तत्त्वज्ञान नव्हे का? मुले दूर गेली, म्हातारी माणसे मागे उरली, आणि आता 'आपण सगळे पाहुणेच' म्हणून अपराधाची टोचणी बोथट करायची! हे टाळायचे तर अतिथी या शब्दाचे ओझेही उचलावे लागेल. धर्मशास्त्रात अतिथी म्हणजे ज्याचे फारसे देणे लागत नाही असा माणूस नव्हे. त्याला जेवू घातल्याशिवाय गृहस्थाने जेवू नये, इतका त्याचा हक्क मोठा. आईवडिलांना अतिथी मानल्याने त्यांचे देणे कमी होत नाही. उलट ते गृहीत धरता येत नाही. कायम घरात असलेल्या माणसाशी 'नंतर बोलू' म्हणता येते. ज्याच्या जाण्याची तारीख माहीत आहे त्याच्याशी तसे म्हणण्यात लबाडी असते.

तिसरा आक्षेप काळाचा. गणपतीला निरोप देताना आपण त्याच्या हातावर दही ठेवतो, मूर्ती जागेवरून किंचित हलवतो आणि पुढच्या वर्षी यायला सांगतो. देव येतोच. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस पुन्हा एवढा लांबचा प्रवास करू शकेल, याची हमी कोण देणार? कुणीच नाही. पण पुढच्या वर्षी येणारी मूर्तीही नव्या मातीची असते. आजीआजोबा दोन वर्षांनी पुन्हा गेले, तरी मांडीवर झोपणारी तीन वर्षांची नात त्यांना भेटत नाही. पाच वर्षांची, मराठीत विचारले तर इंग्रजीत उत्तर देणारी दुसरीच मुलगी भेटते. म्हणून 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याची आपली रीत भविष्य वर्तवत नाही. काय होईल हे ठाऊक नसतानाही दार ओढून घ्यायचे नाही, एवढेच ती सांगते.

आपस्तंब धर्मसूत्रात अतिथीला निरोप देण्याचा विधी आहे. वाहनाने आलेल्याला वाहनापर्यंत पोहोचवावे. इतर अतिथीसोबत, तो परत फिरण्याची अनुज्ञा देईपर्यंत चालावे. आणि अनुज्ञा द्यायची त्याला आठवण राहिली नाही, तर गावाच्या वेशीवरून परतावे. परतण्याची परवानगी जाणाऱ्याने द्यायची, यात या साऱ्या प्रश्नाचे उत्तर आले आहे. आपली आसक्ती आपण एकट्याने सोडवायची असते, असे आपण समजतो. सूत्रकाराच्या मते ती समोरच्याने मोकळी करायची असते, आणि ते जमले नाही तर वेस असतेच. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेशी ती वेस येते. तिथे वडील घड्याळाकडे बघत म्हणतात, 'निघा आता तुम्ही, पार्किंगचे पैसे वाढतील.' सूत्रातली अनुज्ञा ती हीच.