पाठीनं ऐकलेलं गाणं

मिक्सरच्या एका पायाचं रबर गेल्या महिन्यात कुठंतरी पडलं. तेव्हापासून तो चालू केला की ओट्यावर सरकायला लागतो. आज सकाळी चटणी वाटताना बायकोनं हाक मारली, "अरे, धर ना जरा." मी धरला. थरथर तळव्यातून कोपरापर्यंत चढली आणि मी थेट जुहूला पोचलो, २००४ सालात.

एका हॉटेलातला बुटक्या छताचा हॉल, रविवारची संध्याकाळ, रॉकचा कार्यक्रम, शंभरेक पोरं. आमच्या आधीच्यांना धोबीतलावचं रंगभवन मिळालं होतं. उघड्या आभाळाखाली. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा रॉक महोत्सव तिथंच वाढला. पण २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रंगभवनाला खेटून झेवियर्स कॉलेज, हाकेच्या अंतरावर रुग्णालयं. त्यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. तिथले दणदणाटी कार्यक्रम थांबले. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, ऑपरेशन झालेल्या माणसाला कुणाची गिटार कशाला ऐकवायची? बंदिस्त सभागृहांना मात्र नियमात सवलत होती, म्हणून रॉक चार भिंतींच्या आत शिरलं. आम्हीही शिरलो.

बँड कॉलेजच्या पोरांचा होता, वर्षभरात फुटलाही. स्टेज म्हणजे वीतभर उंचीच्या फळ्या, वर गुळगुळीत सनमायका. दुसऱ्या गाण्यातच घोटाळा झाला. बास ड्रम पायानं वाजवतात. पेडलचा प्रत्येक ठोका त्याला पुढं रेटतो. म्हणून त्याच्या पुढच्या पायांना टोकं असतात आणि खाली गालिचा लागतो, टोकं रुतायला. गालिचा आणायचा राहिला होता. ड्रम इंचाइंचानं निघाला प्रेक्षकांच्या भेटीला, आणि मागून ड्रमर स्टुलासकट. गायकानं गाता गाताच बुटानं दोनदा मागं ढकलून पाहिला. मग ड्रमरनं काठीनं मला खुणावलं. मलाच का? मी बुटका, म्हणून पहिल्या रांगेत. 'बस' अशी ती खूण होती.

मी बसलो. माइकपुढची जागा मोकळी सोडून ड्रमला तिरकी पाठ लावली, पाय समोरच्या स्पीकरला रोवले. उरलेला सगळा कार्यक्रम असा.

गिटार मला धड ऐकूच आली नाही. ठोका मात्र मणक्यातून चढून दाढांपर्यंत यायचा. कॉलेजात असताना मी ढोलपथकात होतो, तेव्हा ढोल कमरेला बांधलेला असायचा. पण तो ठोका आपला असतो, कधी पडणार ते अंगाला आधीच कळतं. इथं ठोका दुसऱ्याचा आणि पाठ माझी. चौथ्या गाण्याच्या सुमारास पाठ शहाणी झाली. ड्रमर ठोका बदलणार हे तिला माझ्याआधी समजायला लागलं.

आणि समोर दिसत होती फक्त माणसं. 'मेटॅलिका, मेटॅलिका' अशी फर्माईश ओरडून घसा बसलेला एक पोरगा बँडच्या स्वतःच्या गाण्यालाही तेवढीच मान हलवत होता. एका मुलीनं कानात कागदी नॅपकिनचे बोळे कोंबले होते, आणि नाचत सगळ्यांत जास्त तीच होती. मागं भिंतीपाशी वेटर ट्रे छातीशी धरून उभा, चेहरा आंबट, पण बोटं ट्रेच्या पाठीवर तालात पडत होती. त्याचं त्यालाच ठाऊक नसावं.

बाहेर पडल्यावर मित्रानं विचारलं, "शेवटचा सोलो पाहिलास ना?" कुठला सोलो? गिटारवाल्याचा चेहराही मी पाहिला नव्हता. दादरला गाडी बदलून डोंबिवलीला पोचेपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. शर्टाच्या पाठीवर ड्रमच्या कड्याचा काळा अर्धगोल उमटला होता. आई म्हणाली, "कुठं लोळून आलास?"

"ड्रम सरकत होता. धरून बसलो होतो."

"तिकीट काढून?"

पुढं २००७ साली बंगळूरला आयर्न मेडन हा बँड ऐकला. पॅलेस ग्राउंड्सवर हजारो माणसं. फार मोठा कार्यक्रम, अजून सांगतो लोकांना. पण तिथं माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

"अरे, झाली चटणी," बायको म्हणाली. "सोड की आता."