उधारीची वही

एक गाव होतं. गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान, दुकानाला एक शेठ, शेठला एक मेहुणा आणि मेहुण्याच्या हातात फोन. बोधकथेत राजा आणि प्रधान असतात. इथं हे दोघं होते.

गावातल्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. बचत गटाचे हप्ते, नळाला पाणी कधी येणार, रेशनवर गहू आला का, अशी कामं त्यावर चालायची. अ‍ॅडमिन मात्र मेहुणा. ग्रुप निघाला तेव्हा फोनमधलं कळणारा तोच एकटा होता, म्हणून बायकांनीच त्याला गळ घातली होती. कुणी काही वेडंवाकडं लिहिलं की तो म्हणायचा, ‘‘मावशी, असलं टाकू नका. उद्या पोलिस आले तर मी अ‍ॅडमिन म्हणून आत जाईन.’’ सभासदानं काही लिहिलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन असल्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं आहे. हे मेहुण्याला ठाऊक नव्हतं. असतं तरी त्यानं सांगितलं नसतं.

दुकानाचा त्रास सांगायला नको. हप्त्याच्या दिवशी कोणाच्या घरातला डबा रिकामा व्हायचा ते गटाच्या वहीत दिसतच होतं. बायका विहिरीवर बोलायच्या, दळणाच्या रांगेत बोलायच्या. कुणकुण शेठच्या कानावर गेली. शेठ हुशार माणूस. त्यानं भांडण केलं नाही, मेहुण्याला ग्रुपवर पोल टाकायला लावला. ‘दुकान राहावं’, ‘दुकान जावं’. टिचकी मारा आणि मत द्या.

या पोलमध्ये कुणी कशावर टिचकी मारली ते ग्रुपमधल्या सगळ्यांना नावासकट दिसतं. शिवाय ज्यानं निरोप टाकला त्याला तो कुणी वाचला आणि कुणाच्या फोनवर नुसता पोचला, हेही दिसतं. मेहुण्यानं संध्याकाळी एकेकीला फोन लावले. ‘‘मावशी, बघितलंत पण टिचकी नाही मारली?’’ बोलणं अगदी गोड. रात्री निकाल लागला. राहावं 63, जावं शून्य. शेठनं त्याचा स्क्रीनशॉट छापून दुकानाच्या जाळीला लावला.

बायका खोटं का बोलल्या? उत्तर सोपं आहे. कुणाचा नवरा शेठच्या ट्रॅक्टरवर, कुणाचा दीर त्याच्या वीटभट्टीवर. आणि वर पोलिसाची धास्ती. 2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरापायी अटक झाली होती. एकीनं तो लिहिला होता, दुसरीनं नुसता लाइक केला होता. तो खटला पुढं टिकला नाही आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2015 मध्ये रद्दच केलं. पण अटकेची बातमी गावात ज्या पायांनी येते, त्या पायांनी सुटकेची येत नाही.

गावात एक आक्का होत्या. सत्तरीच्या, माळकरी, जीभ तिखट. त्यांनी स्क्रीनशॉट वाचला आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘हे 63 मधलं एक नाव तुझं. मी काही म्हणत नाही. पण सरकारात बाटली आडवी करायची सोय आहे, ती बघू.’’

ती सोय महाराष्ट्रात बऱ्याच गावांनी वापरली आहे. गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, अधिकारी सह्या पडताळतात, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. आणि आलेल्यांच्या निम्म्या मतांनी भागत नाही, यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी करावी लागते. म्हणजे घरी बसलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीतच जमा.

आक्कांच्या गावात यादीवर 612 बायका. सह्या हव्यात 153. सह्या म्हणजे पुन्हा नावं, आणि तीही कागदावर. इथं लपून भागत नव्हतं. पहिली सही आक्कांनी केली. ‘‘माझं आता कोण काय वाकडं करणार,’’ असं त्या म्हणाल्या आणि ते खरंच होतं. जमीन स्वतःच्या नावावर, नवरा वारलेला, मुलं शेठच्या पगारावर नाहीत. ज्याला नाव पुढं करणं परवडतं त्यानं ते करावं. ज्याला परवडत नाही त्याला भित्रा म्हणू नये. हे माझं मत. आक्का तेवढं बोलत बसल्या नाहीत, त्या दारोदार फिरत होत्या. महिनाभरात 171 सह्या झाल्या. त्यातल्या बऱ्याचशा विधवा आणि माहेरी परतलेल्या लेकींच्या होत्या.

बाकीच्यांशी बोलायचं कसं? सुनेनं नवा ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘कुरडई-पापड ऑर्डर’, फोटो कुरडईचा. चोवीस तासांनी निरोप आपोआप पुसले जातील अशी सोय चालू केली. आणि त्या कुरडईच्या ग्रुपवर बायका अशा काही बोलल्या की आक्कांना चष्मा पुसून पुन्हा वाचावं लागलं. जिनं पोलमध्ये ‘राहावं’ म्हटलं होतं तिनं सासऱ्याच्या पेन्शनचं काय होतं ते लिहिलं. एकीनं दुकानाच्या मागच्या ओढ्यावर मुलीला एकटी पाठवत नाही, हे लिहिलं. एकीनं मात्र शेठच्या कॉलेजातल्या पोरीबद्दल काहीबाही लिहिलं. आक्कांनी तिथल्या तिथं दटावलं, ‘‘दुकानाबद्दल बोला. पोरीचा काय संबंध? नाव झाकायला मिळालं म्हणून चिखल फेकायचा नाही.’’ तो निरोप पुसायला चोवीस तासही थांबावं लागलं नाही.

मतदान शाळेत झालं. वर्गात पुठ्ठ्याचा आडोसा, टेबलावर शिक्का आणि शाईची गादी. बाहेर मेहुणा आंब्याखाली उभा राहून येणाऱ्या प्रत्येकीला हात जोडत होता. बाया त्यालाही हसून हात जोडत होत्या. आत गेल्यावर प्रत्येकीला मिळाला तो मिनिटभराचा एकांत. कित्येकींच्या दिवसात तेवढाही नसतो, आंघोळीला बसलं तरी दार वाजतं. एक म्हातारी शिक्का मारून शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली. घडी घालताना शाई दुसऱ्या बाटलीवर उमटेल आणि मत बाद होईल, एवढं तिला कुणीतरी कुरडईच्या ग्रुपवर समजावलं होतं.

आडवी 341. उभी 48. बाद 9.

तीच बायामाणसं, तोच प्रश्न. पोलमध्ये ‘जावं’ला शून्य आणि पेटीत 341.

शेठचा चेहरा उतरला, पण डोकं चालत होतं. पेटीतली मतं कुणाची ते कळणार नव्हतं. मात्र एका नवऱ्यानं रात्री बायकोचा फोन उघडून कुरडईच्या ग्रुपचा फोटो काढला होता आणि तो शेठकडं पोचला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकुराला पाठवणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंत कुलूप असतं, मधल्या कुणाला तो वाचता येत नाही. पण उशाशी झोपलेल्या माणसापुढं ते कुलूप काय करणार? फोटोत ग्रुपचं नाव आणि दोन निरोप होते, बाकी पुसलेलं. म्हणून शेठनं चावडीवर बैठक बोलावली. सरपंच, निवृत्त मास्तर, भजनी मंडळाचे विणेकरी, सोसायटीचे चेअरमन, झाडून सगळे आले. बायका कडेला.

शेठ म्हणाला, ‘‘माझ्याविरुद्ध कट झाला. खोट्या नावाचा ग्रुप काढला. सगळ्यांनी आपापले फोन इथं उघडून दाखवावेत. ज्यांनी काही केलं नाही त्यांनी भ्यायचं कारण काय? लपवण्यासारखं नसेल तर दाखवायला काय हरकत?’’

माना हलल्या. वाक्यच असं आहे की ऐकताना पटतं.

मास्तर तेवढे चुळबुळले. म्हणाले, ‘‘2013 साली ‘नोटा’च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, मत गुप्त असणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. आधी ज्याला कुणालाच मत द्यायचं नसेल त्याची नोंद केंद्रावर होत असे आणि तो सगळ्यांना कळत असे. न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये तर नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून...’’

‘‘मास्तर, हे दिल्लीचं झालं,’’ शेठ म्हणाला. ‘‘गावात आपण सगळे एका घरातले.’’

आक्का उठल्या. ‘‘बरोबर आहे शेठ. एका घरातले. फोन दाखवू. आधी तुमची उधारीची लाल वही आणा. पहिल्या पानापासून वाचायची. कोण कधी आलं, किती घेतली, किती थकले.’’

‘‘त्याचा इथं काय संबंध?’’ शेठ म्हणाला. ‘‘ती गिऱ्हाइकांची खासगी गोष्ट आहे.’’

चावडी गप्प झाली. सरपंचांना खोकला आला. विणेकऱ्यांनी उपरणं सारखं केलं. चेअरमन आभाळाकडं बघून पावसाचा अंदाज घेऊ लागले, आणि तो महिना होता मार्चचा.

एका आगाऊ पोरानं मात्र पळत जाऊन गल्ल्यावरची वही आणलीच. लाल कापडाची, कडा तेलकट झालेली, मधे खूण म्हणून लॉटरीचं तिकीट. आक्कांनी ती मांडीवर घेतली. त्यांना वाचता येत होतं, सगळ्यांना माहीत होतं की येतं. त्यांनी वही उघडली नाही.

‘‘यात माझा थोरला पण असेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याचं काय करायचं ते मी घरात करीन, चावडीवर नाही. यातली निम्मी माणसं वाईट नाहीत. एखाद्यानं पोरगी वारली तेव्हा वर्षभर घेतली आणि सोडली. ते इथं वाचलं तर त्याच्या लेकराचं लग्न मोडेल. झाकलेलं सगळं पाप नसतं, शेठ. आणि उघड्यावर बोललेलं सगळं खरं नसतं. तुमच्या पोलात आम्ही नावानिशी बोललो, आणि सगळ्या खोटं बोललो. पुठ्ठ्यामागं कुणी बघत नव्हतं तेव्हा खरं बोललो. गावाचं खरं काय ते ऐकायचं असेल तर माणसाला आडोसा द्यावा लागतो. नको असेल तर फोन तपासा.’’

वही त्यांनी शेठच्या हातात दिली. फोन कुणीच मागितले नाहीत. सरपंचांना तर घाईनं जायचं होतं.

जिल्ह्याहून आदेश आला, दुकानाला सील लागलं. एवढ्यावर कथा संपायला हरकत नव्हती. बहुतेक जण ती इथंच संपवतात. पण उभ्या बाटलीची 48 मतं शिल्लक होती.

कुरडईच्या ग्रुपवर आता कुरडईची गरज उरली नव्हती. त्यावर एक दिवस सुनेनंच लिहिलं, ‘‘त्या 48 कोण? यादी करूया.’’ पहिलं नाव पडलं अंडीवाल्या मावशीचं. दुकानासमोर तिची गाडी असायची, उकडलेली अंडी, चणे-फुटाणे, मीठ-तिखट. दुकान गेलं तसं गिऱ्हाईक गेलं. तिनं उभीवरच मारला असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. बायका तिच्याशी बोलेनात. कुणीतरी तिला बचत गटाच्या ग्रुपवरून काढूनही टाकलं. आता अ‍ॅडमिन मेहुणा नव्हता, सूनच होती.

आक्कांनी सुनेला चुलीपाशी बसवलं. ‘‘मेहुण्याचा फोन तुझ्या हातात कधी आला गं?’’

‘‘आत्या, पण तिनं आपल्याविरुद्ध मत दिलं.’’

‘‘दिलं असेल. दुकान गेलं तर तिची चूल जाणार होती, ते तिनं बोलून दाखवायला नको होतं का? आणि दिलं नसेलही. पोटावर पाय येणार हे माहीत असून तिनं आडवी केली असेल, तर तू कुणाला वाळीत टाकलंस?’’

सून काही बोलली नाही. आक्का उठून थेट गाडीवर गेल्या. माळकरी बाई अंडीवाल्या गाडीवर, म्हणून पोरं जमली. ‘‘चणे दे गं पावशेर,’’ आक्का म्हणाल्या, ‘‘आणि त्या टोपल्याकडनं वारं येतंय, जरा पलीकडं धर.’’

मावशीनं शिक्का कशावर मारला ते तिनं कधी सांगितलं नाही. तिला ग्रुपवर परत घेतलं. गटाच्या पुढच्या बैठकीत तिनं गाडी शाळेसमोर हलवायला वीस हजारांचं कर्ज मागितलं. तिचे मागचे दोन हप्ते उशिरा आले होते, म्हणून पंधराच मंजूर झाले.